भिंत कोणाची, जबाबदारी कोणाची? घरमालकाच्या हक्काचा पावणेचार हजार वर्षांचा प्रवास

१/
छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात जुना वाडा आणि त्याला खेटून उभी राहिलेली सिमेंटची चार मजली इमारत हे दृश्य नवे नाही. वाड्याची भिंत ज्याने रचली तो गवंडी मालकाच्या ओळखीचा असे. इमारतीतील सदनिका ज्याने विकली तो बिल्डर मात्र काम आटोपून दुसऱ्या भूखंडाकडे गेलेला असतो. तिसऱ्या पावसाळ्यात स्लॅबला ओल आली, तर खर्च कोणी सोसायचा? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मानवी कायद्याने फार लांबचा पल्ला गाठला आहे. हा थ्रेड त्या प्रवासाचा.

२/
आरंभ बॅबिलोनपासून. इसवी सनापूर्वी सुमारे १७५० मध्ये सम्राट हम्मुराबीने आपले नियम काळ्या शिलास्तंभावर कोरविले. हा स्तंभ १९०१ मध्ये इराणातील सुसा येथे उत्खननात सापडला आणि आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्यास देहदंड, हा त्यातील २२९ वा नियम सर्वांना ठाऊक असतो. त्याहून मोलाचा आहे २३३ वा नियम. भिंत कलू लागली, तर बांधणाऱ्याने स्वतःच्या चांदीने ती पुन्हा मजबूत करावी, असे तो सांगतो. कोणी मेलेले नाही, घर पडलेले नाही. केवळ काम सदोष आहे, एवढ्यावरच जबाबदारी निश्चित होते.

३/
भारतीय परंपरेतही हा विचार होता. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाचा पहिलाच विषय ‘कारुकरक्षण’ हा आहे. कारागिरांपासून प्रजेचे रक्षण, असा त्याचा अर्थ. ठरल्यापेक्षा वेगळे काम केल्यास मजुरी बुडावी आणि वर तिच्या दुप्पट दंड व्हावा, अशी तेथील व्यवस्था आहे. तिसऱ्या अधिकरणात घर, सांडपाणी आणि शेजाऱ्याची भिंत यांविषयीचे नियम येतात. घर बांधणे हा दोन माणसांमधला खासगी सौदा असला, तरी त्यात राज्याने लक्ष घातले पाहिजे, ही जाणीव त्या काळीही होती.

४/
आता औरंगपुऱ्याकडे वळू. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसविली. भूमिगत नहरींनी तिला पाणी दिले. पुढे औरंगजेबाच्या काळात शहराचे नाव बदलले आणि भोवती अनेक पुरे वसले. औरंगपुरा हा त्यांपैकी एक. या जुन्या शहरातील वाडे मालकाच्या डोळ्यांदेखत उभे राहत. दगड, वीट, चुना, सागवान हे सारे अंगणात येऊन पडे आणि मालक ते हाताने पारखून घेई. काम बिघडले तर गवंड्याचे नाव गल्लीत बिघडे. ओळख आणि अब्रू हीच त्या काळातील हमी होती.

५/
इंग्रजी कायद्याने निराळे तत्त्व रूढ केले : खरेदीदाराने सावध राहावे. वस्तू पाहून घ्या. घेतल्यावर तक्रार चालणार नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने या कठोरपणाला थोडी मुरड घातली. विक्रेत्याला माहीत असलेला, पण खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा गंभीर दोष विक्रेत्याने उघड केला पाहिजे, असे ५५ वे कलम सांगते. १८७२ च्या करार कायद्याच्या ७३ व्या कलमाने वचनभंगाची नुकसानभरपाई दिली. हा करार कायदा पूर्वीच्या हैदराबाद संस्थानाच्या मुलुखाला, म्हणजे मराठवाड्यालाही, १९५१ मध्ये लागू झाला.

६/
पाहून घेण्याचे तत्त्व उभ्या घराला लागू पडेल. पण जे घर अजून उभेच नाही, ते पाहायचे कसे? विसाव्या शतकात ‘ओनरशिप फ्लॅट’ आला आणि जुना कायदा अपुरा ठरला. ग्राहक नकाशा पाहतो, पैसे भरतो आणि दोन-तीन वर्षांनी किल्ली हाती घेतो. स्लॅबमध्ये किती लोखंड पडले, काँक्रीटवर किती दिवस पाणी मारले, गच्चीचे वॉटरप्रूफिंग कसे झाले, यांतले काहीच त्याच्या डोळ्यांसमोर घडलेले नसते. सावध राहा असे त्याला सांगणे म्हणजे बंद पेटीतील धान्य पारखायला सांगणे होय.

७/
युरोपात फ्रान्सने याचे उत्तर लवकर शोधले. १८०४ च्या नेपोलियनच्या नागरी संहितेतील १७९२ व्या कलमाने बांधकामातील, इतकेच नव्हे तर जमिनीतील दोषामुळे इमारत ढासळल्यास वास्तुविशारद आणि कंत्राटदार यांना १० वर्षे जबाबदार धरले. ही १० वर्षे ध्यानात ठेवावीत; पुढे त्यांच्याशी तुलना करावी लागणार आहे.

८/
महाराष्ट्रात या प्रश्नाला फुटलेले तोंड हे राज्याच्या जन्माइतकेच जुने आहे. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले. २० मे १९६० रोजी, म्हणजे अवघ्या १९ दिवसांनी, सदनिकांच्या विक्रीतील गैरप्रकारांची चौकशी करण्यासाठी शासनाने समिती नेमली. जून १९६१ मध्ये तिचा अहवाल आला. घरांची तीव्र टंचाई आणि त्यातून वाढलेले गैरव्यवहार ही कारणे पुढे झालेल्या कायद्याच्या प्रास्ताविकेतच नोंदविलेली आहेत. कायद्याची प्रास्ताविका हाही इतिहासाचा दस्तऐवज असतो, तो असा.

९/
तो कायदा म्हणजे महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा १९६३ चा अधिनियम. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘मोफा’ म्हणून ओळखला जातो. जमिनीचे हक्क आणि मंजूर नकाशे ग्राहकाला दाखविणे, नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम न घेणे, ग्राहकांचा पैसा स्वतंत्र खात्यात ठेवणे आणि शेवटी जमीन व इमारत गृहनिर्माण संस्थेच्या नावे करून देणे, ही सारी बंधने त्याने बिल्डरवर घातली. विश्वासावर चाललेला व्यवहार प्रथमच कागदावर आला.

१०/
ओल आलेल्या भिंतीचे उत्तर मोफाच्या ७ व्या कलमात आहे. कायद्याच्या प्रचलित पाठानुसार, ताबा दिल्यापासून ३ वर्षांच्या आत बांधकामातील किंवा साहित्यातील दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर शक्य तेथे त्याने तो विनामूल्य दुरुस्त करावा आणि शक्य नसेल तेथे वाजवी भरपाई द्यावी. दोष आहे की नाही यावरच वाद झाला, तर निर्णय अधीक्षक अभियंत्याहून कमी दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याने द्यायचा. भिंतीचे भांडण भिंत जाणणाऱ्यानेच सोडवावे, ही त्यामागची कल्पना.

११/
कल्पना उत्तम होती, पण तिच्यामागे यंत्रणा उभी नव्हती. मोफाचा भंग हा गुन्हा असला, तरी बिल्डरांवर सतत नजर ठेवणारी स्वतंत्र नियामक संस्था त्या कायद्याने निर्माण केली नाही. दाद मागणाऱ्या माणसाला बहुधा दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे. एका बाजूला पगारातून हप्ते फेडणारे कुटुंब, दुसऱ्या बाजूला वकिलांची फौज बाळगू शकणारा व्यावसायिक. हक्क कागदावर होता. तो वापरण्याचा खर्च मात्र अनेकांच्या आवाक्याबाहेर होता.

१२/
याच काळात औरंगाबादचे रूप पालटत होते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने त्या दशकात जुन्या शहराच्या पूर्वेस नवे औरंगाबाद वसविण्यास आरंभ केला. १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायासन औरंगाबादेत बसू लागले आणि मराठवाड्याच्या पक्षकाराचा मुंबईचा हेलपाटा टळला. १९८२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. वाळूजला कारखाने आले, नोकरदार वर्ग वाढला आणि सदनिका हा मुंबई-पुण्यापुरता शब्द राहिला नाही. औरंगपुऱ्यासारख्या भरवस्तीत जुन्या वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या.

१३/
हक्क स्वस्त करण्याचे काम ग्राहक चळवळीने केले आणि तिच्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तोच दिवस आज राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तीन पायऱ्यांची न्यायव्यवस्था उभी राहिली. साध्या अर्जावर, वकिलाशिवायही तेथे दाद मागता येऊ लागली.

१४/
मात्र एक पेच होता. कायदा ‘वस्तू’ आणि ‘सेवा’ यांविषयी बोलत होता. घर वस्तू नव्हे, स्थावर मालमत्ता आहे. मग घराची तक्रार ग्राहक मंचात कशी चालेल? जून १९९३ मधील दुरुस्तीने ‘गृहबांधणी’ हा शब्द सेवेच्या व्याख्येत घातला. त्याआधीच्या तक्रारींचे काय, हा प्रश्न उरला. ५ नोव्हेंबर १९९३ रोजी ‘लखनऊ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोही सोडविला.

१५/
न्यायमूर्ती कुलदीप सिंह आणि न्यायमूर्ती आर. एम. सहाय यांच्या पीठाने ठरविले की, घर बांधून देणे ही दुरुस्तीपूर्वीही सेवाच होती. ताबा वेळेवर न देणे किंवा हलक्या दर्जाचे बांधकाम करणे ही त्या सेवेतील त्रुटी होय. बांधणारा खासगी असो वा सरकारी प्राधिकरण, त्याने फरक पडत नाही. खरेदीदाराने सावध राहण्याचे जुने तत्त्व घरांच्या बाबतीत या निकालाने मागे पडले आणि उत्तर देण्याचे ओझे बांधणाऱ्याकडे सरकले.

१६/
वाड्यांच्या वस्तीसाठी आणखी एक निकाल महत्त्वाचा आहे. अनेकदा मालक स्वतःची जागा बिल्डरला देतो आणि मोबदल्यात नव्या इमारतीत एक-दोन मजले घेतो. असा मालक ग्राहक की भागीदार? ‘फकीरचंद गुलाटी विरुद्ध उप्पल एजन्सीज’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की, ज्याचा धंद्यावर ताबा नाही आणि ज्याला नफ्यातोट्यात वाटा नाही, तो जागामालक ग्राहकच आहे. त्याच्या वाट्याच्या मजल्यांचे काम निकृष्ट झाले किंवा आवश्यक दाखले मिळाले नाहीत, तर तो ग्राहक मंचात जाऊ शकतो. वाडा देऊन सदनिका घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हा निकाल ठाऊक असायला हवा.

१७/
नियामक संस्थेची उणीव पुढे भरून निघाली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वतःचा गृहनिर्माण कायदा केला; पण तो रुजण्याआधीच केंद्राच्या २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजेच रेराने, तो रद्द केला. रेरा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि त्याच वर्षी महारेरा प्राधिकरण कामाला लागले. कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत इमारतीच्या सांगाड्यातील, कारागिरीतील, दर्जातील किंवा सेवांतील दोष दाखवून दिला, तर विकासकाने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त केला पाहिजे. अन्यथा भरपाई द्यावी लागते. मोफाची ३ वर्षे आता ५ झाली.

१८/
येथेच औरंगपुऱ्याची खरी अडचण सुरू होते. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा सदनिका ८ पेक्षा जास्त नसतील, तर रेराखाली प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. अरुंद बोळ, वाटण्यांनी लहान झालेले भूखंड आणि चार मजल्यांवर सहा बिऱ्हाडे, असे जुन्या शहराचे गणित बहुधा या मर्यादेच्या आतच राहते. शहराबाहेरच्या भव्य संकुलातील ग्राहकाला महारेराचे संकेतस्थळ, नोंदणी क्रमांक आणि तक्रारीचा सरळ मार्ग मिळतो. गल्लीतील छोट्या इमारतीच्या रहिवाशासाठी तो मार्ग वादाचा ठरतो.

१९/
म्हणून जुन्या कायद्यांचा इतिहास हा केवळ इतिहास नाही. रेराने राज्याचा २०१२ चा कायदा रद्द केला; १९६३ चा मोफा मात्र कायदेपुस्तकात कायम राहिला. ग्राहक कायदाही कायम राहिला. २०१९ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली आणि २० जुलै २०२० पासून ती लागू झाली. तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, त्याच जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा तिने दिली. इमारत लहान आहे की मोठी, हा प्रश्न ग्राहक आयोगात उद्भवत नाही. नव्या कायद्याच्या उंबरठ्यावर जे अडतात, त्यांना जुने दरवाजे उघडे आहेत.

२०/
दोन्ही दरवाजे एकाच वेळी अस्तित्वात राहू शकतात काय? ‘इंपेरिया स्ट्रक्चर्स विरुद्ध अनिल पटनी’ या खटल्यात २ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने होकार दिला. रेरा आहे म्हणून ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही. मार्ग निवडण्याचा अधिकार ग्राहकाचा. दिवाणी न्यायालयाचे दार मात्र, रेरा प्राधिकरणाच्या कक्षेत येणाऱ्या बाबींपुरते, ७९ व्या कलमाने बंद केले आहे.

२१/
मोफा आजही किती जिवंत आहे, याचा दाखला मुंबईच्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात मिळतो. बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्र मिळविले नाही; परिणामी रहिवाशांना २५ टक्के जादा मालमत्ता कर आणि ५० टक्के जादा पाणीपट्टी भरावी लागली. राष्ट्रीय आयोगाने तक्रार मुदतबाह्य ठरविली होती. ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. प्रमाणपत्र न देणे ही मोफाखालील कर्तव्याची सतत चालू राहिलेली पायमल्ली आहे, त्यामुळे मुदतीचा अडसर येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. १९६३ चा कायदा ५९ वर्षांनंतर ग्राहकाच्या कामी आला.

२२/
तरीही सर्वच दोषांना अशी सवलत मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. प्रत्येक हक्काला स्वतःचे घड्याळ आहे. मोफाखाली दोष कळविण्यास ताब्यापासून ३ वर्षे. रेराखाली ५ वर्षे. ग्राहक आयोगात तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षे. विलंबाचे सबळ कारण दिल्यास आयोग तो माफ करू शकतो. म्हणून ताबापत्राची तारीख, दोष प्रथम दिसल्याची तारीख आणि बिल्डरला लेखी कळविल्याची तारीख या तीन तारखांवर खटल्याचे भवितव्य ठरते. तोंडी आश्वासनात घालविलेले दोन पावसाळे कोणतेही न्यायालय सहजी परत देत नाही.

२३/
पुराव्याचेही तसेच. छतावरच्या ओलीचे तारखेसह छायाचित्र, नोंदणीकृत डाकेने पाठविलेले पत्र आणि त्याची पोचपावती, करारनाम्याला जोडलेली साहित्याची यादी आणि संरचना अभियंत्याचा अहवाल. भेग प्लास्टरची आहे की स्तंभाची, हे अभियंताच सांगू शकतो आणि दाव्याचे वजन त्यावर अवलंबून असते. एकेकट्याने लढण्यापेक्षा गृहनिर्माण संस्थेने ठराव करून तक्रार केल्यास खर्च वाटला जातो आणि म्हणणे अधिक ठाम होते.

२४/
आदेश हाती पडणे आणि भरपाई हाती पडणे यांत अंतर असते, हेही जाणून घ्यावे. रेराच्या ४० व्या कलमानुसार दंड, व्याज व भरपाईची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. म्हणजे वसुलीचे काम जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाते. ग्राहक आयोगाचा आदेश न पाळणाऱ्यास १ महिना ते ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही तरतूद १९८६ च्या कायद्यातही होती आणि २०१९ च्या कायद्यात ७२ व्या कलमात ती आहे. हम्मुराबीच्या देहदंडापासून येथवर दंड सौम्य झाला. परंतु वचन मोडण्याची किंमत असली पाहिजे, हे तत्त्व तेच राहिले.

२५/
या साऱ्यात पणाला काय लागलेले असते, हे २४ ऑगस्ट २०२० रोजी रायगड जिल्ह्यातील महाड येथे दिसले. तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा जीव गेला. ती बांधून १० वर्षेही झाली नव्हती. फ्रान्सच्या १८०४ च्या संहितेतील १० वर्षे आणि आपल्या रेरातील ५ वर्षे यांची तुलना येथे टोचते. ओल, भेग, सुटलेले प्लास्टर हे केवळ गैरसोयीचे विषय नसतात. काही वेळा तो इमारतीने दिलेला पहिला इशारा असतो आणि तो वेळेत नोंदविण्याची मुदत कायद्यानेच आखलेली असते.

२६/
वाड्याच्या काळात ओळख ही हमी होती. शहर वाढले, बांधणारा अनोळखी झाला आणि ओळखीची जागा कायद्याने घेतली : १९६३ मध्ये कागद, १९८६ मध्ये स्वस्त न्याय, १९९३ मध्ये घर ही सेवा असल्याची मान्यता, २०१६ मध्ये नियामक. यांपैकी कोणतीही पायरी आधीची पायरी पुसून टाकत नाही. औरंगपुऱ्यातील सहा बिऱ्हाडांच्या इमारतीला बहुधा सर्वांत नवा कायदा अपुरा पडेल आणि सर्वांत जुना उपयोगी येईल. त्यासाठी तो अस्तित्वात आहे हे ठाऊक हवे आणि ताबापत्रावरची तारीख पाहिलेली हवी.